इंदूअक्कांच्या रेघा

काम हळू करणारं माणूस मला सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी इंदूअक्कांवर किती वेळा चिडले ते ऐकून पुढे कुणाला नवल वाटायला नको. माझ्या सासूबाई म्हणतात, वैशालीचं बोलणं म्हणजे तांबड्या मिरचीचा रंजका, चव नंतर कळते, आधी ठसका लागतो. असल्या बाईच्या ऑफिसात इंदूअक्का सात वर्षं टिकल्या, यात माझं कौतुक काही नाही. त्यांनीच मला निभावून नेलं. आता त्या सांगलीला बहिणीकडे असतात, आणि ऑफिसात कुणी ड्रॉवर उघडा ठेवून गेलं की मला त्यांची आठवण येते.

हुबळीला गोकुळ रोडवर एका लेथच्या कारखान्यावर दोन खोल्या घेऊन मी वेबसाइटी बनवायचं काम सुरू केलं, त्याला बरीच वर्षं झाली. खाली दिवसभर लोखंड कातत असतात, वर आम्ही चारपाच जण. अक्का आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. अंगावर इरकल, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि शंभर पानी वही. धारवाडला एका वकिलांकडे पंचवीस वर्षं टायपिंग केलेलं. वकिलांनी वयामुळे काम बंद केलं, म्हणून नोकरी बघत होत्या. वेबचं काम कुठे शिकलात विचारलं तर म्हणाल्या, आमच्या ह्यांना मंडळाची यादी इंटरनेटवर घालायची होती, त्यांना टायपिंग येत नाही, मग मीच शिकले की. लोणचं घालायला शिकले, इतक्या सहज सांगितलं. मी मनात म्हटलं, महिनाभर ठेवून बघू.

काम दिलं ते साफसफाईचं. वेबसाइटवर आपल्याला मजकूर दिसतो, त्याच्या आत खुणा दडलेल्या असतात. त्यांना टॅग म्हणतात. इथून अक्षर ठळक, इथे ओळ तोड, इथे तांबडा रंग, इथे तक्ता, असं त्या खुणा सांगत असतात, आणि वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. गिऱ्हाईक कुठून कुठून मजकूर कॉपी करून आणून चिकटवतं, त्याबरोबर असल्या खुणांचा ढीग येतो. नव्या वेबसाइटवर न्यायच्या आधी तो काढावा लागतो. त्याला एक तयार सोय असते. एक ओळ लिहायची, की सगळ्या खुणा एका झटक्यात जातात आणि उरतो नुसता मजकूर. अक्का त्या सोयीला खराटा म्हणायच्या, आणि खराट्याशी त्यांचं जमत नसे.

त्यांची रीत वेगळी. आधी मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवायची. मग एकेका प्रकारचा टॅग घ्यायचा, तो तिथे काय करतोय ते बघायचं, वहीत लिहायचं, आणि मगच काढायचा. वहीत दोन रकाने असायचे, एकात कोण आणि दुसऱ्यात कशाला बसला होता. पंगतीत बसलेल्या माणसाला न विचारता कुणी उठवतं काय, असं त्यांचं म्हणणं. इथं कशाला बसलायस ते आधी विचारायचं, मग उठवायचं. मी म्हणायची, अहो अक्का, टॅग आहे तो, सोयरा नव्हे. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या टॅगची चौकशी करायला लागायच्या.

पहिल्याच महिन्यात कलघटगीच्या एका बियाणं-औषधाच्या दुकानाचं काम आलं. पानं पन्नासेक असतील. तिसऱ्या दिवशीही अक्का अकराव्या पानावर. त्या जेवायला उठल्या तेवढ्यात मी त्यांच्या खुर्चीत बसले, उरलेल्या पानांवर खराटा फिरवला आणि काम पाठवून दिलं. त्या परत आल्यावर ऐटीत सांगितलं, झालं बघा तुमचं. त्यांनी वही मिटली. दोन दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. त्याच्या तक्त्यात एका चौकटीत औषध दोन मिली होतं आणि शेजारच्या चौकटीत पाणी पंधरा लिटर. मिली आणि लिटर वरच्या मथळ्यात, चौकटीत नुसते आकडे. तक्त्याच्या रेघा मी झाडून टाकल्यावर दोन आणि पंधरा एकमेकांना चिकटले आणि दोनशे पंधरा झाले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, ताई, तुमच्या मापानं फवारलं तर कीड मरतेच, पण पीकही मरतंय, आणि फवारणारा पण.

अक्कांनी मूळ प्रत ठेवली होती म्हणून अब्रू वाचली. त्या मॉनिटरकडे बघून म्हणाल्या, "एनप्पा निंदु?" म्हणजे तुझं काय चाललंय रे बाबा. रागवायचं झालं की त्या कन्नडात रागवायच्या, मोजायच्या मराठीत. त्या दिवशी मॉनिटरला कुणाच्या वाटणीचं ऐकावं लागलं ते ऑफिसात सगळ्यांना कळलं.

त्यांच्या आणखी खोडी सांगायच्या तर, त्या टॅग मोठ्यानं वाचायच्या, तेही मराठीत. ठळक सुरू, ठळक संपलं, तांबडा सुरू, तांबडा संपला. सुरू केलेला टॅग कुणी बंद करायला विसरलं असेल तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. दार उघडं टाकून गेलाय मेला, म्हणायच्या, आणि बंद करून यायच्या. तीच गत नळाची, ड्रॉवरची, दुसऱ्याच्या डब्याच्या झाकणाची. शेंगाचटणी आणायच्या ती सगळ्यांना पुरेल एवढी, पण वाढायच्या स्वतःच्या हातानं. दुपारी चार वाजता घरी फोन करायच्या, यजमानांनी गोळी घेतली का विचारायला. रोज तोच प्रश्न आणि बहुधा रोज तेच उत्तर, कारण रोज त्या म्हणायच्या, आता घ्या, मी फोन धरून थांबते.

त्यांचे यजमान श्रीपादराव गलगली निवृत्त शाळामास्तर. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांचं एक जुनं मंडळ आहे, त्याची सभासदांची यादी त्यांच्याकडे असायची. संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचं जेवण असतं, पंगत मांडून, केळीच्या पानावर. यादीच्या बाबतीत श्रीपादरावांचा एक कडक नियम होता. कुणी गेलं तर नाव खोडायचं नाही. फूटपट्टी धरून तांबड्या पेन्सिलीनं नावावरून एक बारीक रेघ मारायची, पण नाव वाचता आलं पाहिजे. त्या वर्षी रेघ पडलेली नावं जेवणाच्या आधी उभं राहून वाचायची, मग पंगत बसायची. माणूस गेला तरी यादीतून जात नाही, असं ते म्हणत. यादी इंटरनेटवर गेली तेव्हा अक्कांनी ती रेघही तिथे नेली. त्यासाठी टॅग असतो, नावावरून आडवी रेघ ओढणारा. मग घरातली पेन्सिल थांबली. श्रीपादराव नाव सांगायचे, अक्का टॅग घालायच्या.

अक्कांच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी श्रीपादराव गेले. चौदाव्या दिवशी अक्का कामावर हजर. त्यांच्या नावावर रेघ अक्कांनीच घातली, हे मला मंडळाच्या चिटणिसांकडून कळलं. चार वाजले की अक्का खुर्चीतून उठून जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या, पाच मिनिटांनी परत यायच्या.

गेल्या दिवाळीनंतर मंडळानं यादीचं काम आमच्याकडे दिलं. जुनी वेबसाइट बंद होणार होती. नवीवर सभासदांना वाढदिवसाचे मेसेज आपोआप जायचे होते, आणि जेवणाला किती पानं मांडायची तो आकडाही तिथूनच काढायचा होता. यादीत वीस वर्षांत दहा हातांनी भर घातलेली, त्यामुळे आत खुणांचा नुसता उकिरडा. मी हिशोब धरला होता, अक्का याला तीन आठवडे लावणार. त्यांनी एका दिवसात काम संपवलं. मी खूश. सगळ्यांसमोर म्हटलंसुद्धा, अक्का, सुधारलात की हो. त्या हसल्या नाहीत, हे मला तेव्हा दिसलं नाही.

नवी यादी चालू होऊन काही दिवस झाले असतील. धारवाडजवळच्या केलगेरीचे इनामदार जिना चढून वर आले. सत्तरीचे गृहस्थ, धाप लागलेली. पाणी दिलं तर घेतलं नाही. त्यांनी फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर मंडळाचा मेसेज होता, चि. अश्विनी हिला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. अश्विनी त्यांची एकुलती मुलगी. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"मी भांडायला नाही आलो. बायकोनं हा मेसेज माझ्याकडून चारदा वाचून घेतला. पाच वर्षांत अश्विनीला कुणी शुभेच्छा दिल्या नव्हत्या. आता ती विचारतेय, पुढच्या वर्षी येईल काय? मी तिला काय सांगू, तेवढं सांगा."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अक्का उठून जिन्यात गेल्या होत्या आणि चार वाजायला अजून दोन तास होते.

मेसेज मी त्याच मिनिटाला बंद केले. यादी उघडली तर एकाही नावावर रेघ नाही. इतक्या वर्षांतली गेलेली सगळी माणसं जिवंत माणसांत मिसळून बसलेली, कोण आहे आणि कोण नाही ते सांगायला काही खूण उरली नव्हती. खराटा फिरला होता. मूळ प्रत शोधली, ती नव्हती. जुनी वेबसाइट बंद होऊन गेलेली. प्रती ठेवायचं काम अक्कांचं, त्यांच्यावर सोपवून मी निर्धास्त होते. मग मी त्यांची वही ओढली. वर लिहिलं होतं, मंडळ, यादी. खाली दोन रकाने आखलेले आणि दोन्ही कोरे.

मी बोलले. नको इतकं बोलले. सात वर्षं मला अक्कल शिकवता आणि स्वतः खराटा फिरवता, असं चार माणसांत बोलले. अक्कांनी ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. त्याची आजही मला लाज वाटते.

चिटणिसांनी तोडगा काढला, की सगळ्यांना मेसेज टाकू, आपल्या घरातल्या दिवंगत सभासदांची नावं कळवा म्हणून. अक्का नको म्हणाल्या. रेघ मी पुसली, ती त्यांनी परत मारून द्यायची काय, मी जाते. जेवणाला सहा आठवडे होते, आणि त्याआधी एकेक रेघ जागेवर यायला हवी, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलं. जुनी माणसं श्रीपादरावांच्या कागदी वहीत सापडली, तांबड्या पेन्सिलीच्या रेघांसकट. पण यादी इंटरनेटवर गेल्यानंतरची वहीत नव्हती. त्यांच्यासाठी घरोघर जाण्यावाचून इलाज नव्हता.

त्या गेल्या. ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी, कधी बसनं, कधी माझ्या स्कूटरवर मागे बसून. मी सोबत गेले कारण मला माझ्या तोंडाचं प्रायश्चित्त घ्यायचं होतं. पहिल्या घरी जाताना मी विचारलं, कसं विचारणार हो, तुमच्यातलं कोण गेलंय, असं? त्या म्हणाल्या, बघ तू.

दारात गेलं की त्या आधी ऊटा आतेनरी म्हणून जेवणखाण विचारायच्या, मग पाणी मागून घ्यायच्या, आणि मग म्हणायच्या, मंडळाच्या जेवणाला यंदा तुमच्याकडची ताटं किती? बस, एवढंच. यादीत चार नावं असायची, उत्तर यायचं तीन. अक्का पुढे काही विचारायच्या नाहीत, पेला हातात धरून बसून राहायच्या. परदेशी गेलेला मुलगा आणि देवाघरी गेलेला मुलगा ताटांच्या आकड्यात सारखाच, म्हणून बसणं भाग होतं. दोन मिनिटांत घरातलं कुणीतरी आपणहून सांगायला लागायचं, कोण, कधी, कसं. एका घरी सासूनं सुनेविषयी तासभर सांगितलं. एका घरी म्हातारे गृहस्थ नुसते भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले, तेवढं पुरलं. मला ऑफिसात पाच मिनिटं उशीर खपत नाही, पण त्या घरांत मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

केलगेरी अक्कांनी शेवटी ठेवलं होतं. इनामदारबाईंनी चहा केला. ताटं किती विचारलं तर म्हणाल्या, दोन. मग स्वतःच म्हणाल्या, मेसेज येईल ना हो पुढच्या वर्षी? इनामदार खिडकीकडे वळले.

अक्कांनी कप खाली ठेवला. "नाही येणार, वहिनी. तो चुकून आला, आणि चूक माझी आहे. पण त्या तारखेला मी येईन. तिच्या वाढदिवसाला काय करत होता?"

"पुरणाचे कडबू."

"मग कडबू करा. मी खायला येते."

इनामदारबाई रडल्या, आणि मग कडबूला गूळ कुठला चांगला यावर दोघींचं बराच वेळ चाललं.

परतताना केलगेरीच्या तळ्याच्या कडेला अक्कांनी मला स्कूटर थांबवायला सांगितली. मला वाटलं, चक्कर आली. त्या उतरल्या, पदर खोचला आणि तळ्याकडे बघत बोलायला लागल्या.

"त्या दिवशी पान उघडलं, वैशू. ह्यांचं नाव समोर आलं. वरती रेघ, मीच मारलेली. हात चालेना. म्हटलं खराटा फिरवून एकदाचं संपवावं. फिरवला, आणि परत बघितलं तर नाव स्वच्छ. रेघ नाही. त्याच क्षणी मला कळलं काय झालंय ते. प्रत ठेवली नव्हती, पण जुनी वेबसाइट अजून चालू होती, तिथून सगळं परत आणता आलं असतं. म्हटलं, आजचा दिवस राहू दे. मग म्हटलं, उद्याचा राहू दे. तेवढ्यात ती बंद झाली. माझ्या एका नावासाठी मी एवढ्या घरांच्या रेघा पुसल्या गं."

मी त्यांचा हात धरून त्यांना स्कूटरपर्यंत आणलं. मग मी त्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही यादी घेऊन बसलो. अक्का वहीतून नाव सांगायच्या, मी टॅग घालायची. एकेक नाव त्या दोनदा तपासायच्या. क झाला, ख झाला, ग सुरू झाला. गलगलींचं घर आलं. यादीत नावं दोन. अक्का थांबल्या आणि वहीची कड नखानं सारखी करत बसल्या. पलीकडच्या टेबलांवरची माणसं चहाला खाली गेली होती. धाडस माझं नव्हतंच, त्यांनीच शिकवलेली रीत होती, तीच तोंडात आली.

"अक्का, मंडळाच्या जेवणाला यंदा तुमच्याकडची ताटं किती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"एक," म्हणाल्या. "आणि पंगतीच्या कडेला मांड. मला वाढायला उठावं लागतं."

मग त्यांनी कीबोर्ड माझ्याकडून आपल्याकडे ओढला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचत लिहिलं, रेघ सुरू, श्रीपाद गलगली, रेघ संपली. संपली म्हणताना आवाज फुटला, पण टॅग उघडा ठेवला नाही. मी मॉनिटरवर बघितलं. रेघ बारीक होती आणि नाव नीट वाचता येत होतं.

जेवणाच्या दिवशी मी अक्कांना शेवटचं वाढताना बघितलं. पुढच्या महिन्यात त्या सांगलीला गेल्या. त्या दिवशी आधी वर्षातली नावं उभं राहून वाचून झाली, मग पंगत बसली. अक्कांचं पान सांगितल्याप्रमाणे कडेला होतं, आणि त्यांच्या बाजूच्या पानावर कुणी न सांगता इनामदारबाई येऊन बसल्या होत्या. अक्का कोशिंबिरीचं भांडं घेऊन ओळीतून येत होत्या. इनामदारबाईंना वाटलं, आपण यांच्या जागेवर बसलो की काय, त्या पदर सावरत उठायला लागल्या. अक्कांनी भांडं कमरेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"बसा हो वहिनी, इथनं तुम्हाला कोण उठवतंय," म्हणाल्या, आणि कोशिंबीर वाढून पुढच्या पानाकडे गेल्या.